भेव आणि घाबरं

आमच्या अ‍ॅपमध्ये साखळी नावाचा एक प्रकार आहे. रोज एक धडा केला की साखळीत एक कडी वाढते. एक दिवस चुकला की साखळी तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी. ही कल्पना माझ्या भागीदाराची. मला ती पोरकट वाटली होती. बँकेतले साहेब आणि रेल्वेतले बाबू असल्या कड्या जमवायला मराठी शिकतील होय, असं मी त्याला म्हटलं होतं. पण शिकले. आणि सगळ्यांत लांब साखळी झाली ती अकोल्याच्या एका खाजगी रुग्णालयातल्या नर्सची. मणिपूरहून आलेली मुलगी, हिंदी यथातथा, मराठीचा गंध नाही, आणि तिने तीनशेच्या वर दिवस एकही धडा चुकवला नव्हता. तिचा हसरा फोटो आम्ही अमरावतीच्या ऑफिसात दारासमोरच्या भिंतीवर लावला होता.

आता तो फोटो तिथे नाही. मीच काढला. का काढला ते सांगायचं तर मला स्वतःबद्दल बरंच वाईट बोलावं लागेल. एरवी मी इतरांबद्दल सढळपणे बोलते, तेव्हा आता तक्रार करायला जागा नाही.

मी वीस वर्षं अमरावतीत मराठीच्या शिकवण्या घेतल्या. गल्लीतले सगळे मला मॅडम म्हणतात, भाजीवालासुद्धा. मुलांच्या वह्यांत 'मले'चं 'मला' आणि 'काहून'चं 'का' करता करता लाल पेनांचे डबेच्या डबे संपवले. घरी माझी आई 'तुले' म्हणायची आणि बाहेरचं कोणी असलं की मला लाज वाटायची. असा माझा पिंड. शुद्ध बोलणं म्हणजे स्वच्छ आंघोळ केल्यासारखं मला वाटे, आणि ज्यांनी केलेली नाही ते मला लगेच ओळखू येत.

भागीदार आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. मूळचा अकोल्याचा, इथे इंजिनियरिंगला आला आणि इथेच नोकरीला लागला. त्या वेळी बडनेऱ्याला बदलून आलेले रेल्वेचे एक अधिकारी माझ्याकडे मराठी शिकत. त्यांना वेळ नसायचा, म्हणून मी रोज फोनवर पाच वाक्यं बोलून पाठवायची. त्यांचं पाहून त्यांच्या ऑफिसातल्या दहाजणांनी तेच मागितलं. मी तीच वाक्यं रोज अकरा वेळा बोलते हे याने जिन्यावरून ऐकलं आणि महिन्याभरात अ‍ॅप करून आणलं. वर्षभरात अकराचे हजारो झाले. मग राजापेठेत ऑफिस आलं, आठ माणसं आली, आणि माझ्या टेबलावर पाटी आली, 'संस्थापक'. ती पाटी मी रोज पुसायची. खोटं कशाला बोलू, आवडायची मला.

मग अकोल्याच्या त्या रुग्णालयाने विचारलं, बाहेरच्या राज्यांतून आलेल्या नर्सना पेशंटशी बोलण्यापुरतं मराठी शिकवाल का. त्या धड्यांची यादी मी घरी, जेवणाच्या टेबलावर बसून केली. शब्दकोश होता, माझं डोकं होतं, चहा होता. वॉर्डात पाय ठेवावा असं मला एकदाही सुचलं नाही.

अकराव्या धड्याचं नाव होतं 'धीर देणे'. पहिल्या पानावर पेशंट म्हणतो, "मला घाबरायला होतंय." खाली इंग्रजीत अर्थ, भीती वाटते आहे. शेजारी चित्र, इंजेक्शन पाहून डोळे मिटलेला माणूस. पुढच्या पानावर नर्सचं उत्तर, "घाबरू नका, सगळं ठीक होईल." त्याच्याखाली कंसात माझी सूचना होती, हसून म्हणा.

नर्सचा आवाज माझा. पेशंटच्या आवाजाबद्दल मात्र भागीदार अडून बसला. अकोल्याचा पेशंट तुमच्यासारखा बोलत नाही, त्याच्या आवाजात ऐकू द्या पोरींना, असं त्याचं म्हणणं. शेवटी त्याची आई घ्यायची ठरलं. मी त्यांना आपा म्हणते. नवरा लवकर गेला म्हणून आपांनी बावीस वर्षं अकोल्यातल्या एका दवाखान्यात आया म्हणून काम केलं होतं. पेशंटला कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, त्याचं कण्हणं ऐकायचं, हे त्यांचं आयुष्य. आणि मी त्यांना वाचायला कागद दिला.

रेकॉर्डिंग त्यांच्या घरी, अकोल्यात, तेही मे महिन्यात. अकोल्याचा मे ज्याने पाहिला नाही त्याला काय सांगावं. आवाज येतो म्हणून कूलर बंद, पंखा बंद, खिडकीला रजई लावलेली. चार वाक्यं झाली की पाच मिनिटं कूलर लावायचा, मग पुन्हा चार वाक्यं. आपा डोक्यावरून ओढणी घेऊन शांत बसल्या होत्या, घामाघूम मीच झाले होते. अकरावा धडा आला तेव्हा त्या वाचता वाचता थांबल्या. मी म्हटलं, वाचा ना. त्या काहीतरी बोलल्या, मी काहीतरी उत्तर दिलं, आणि मग त्यांनी वाचलं. तेव्हा माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच. मला कूलर हवा होता.

यानंतर वर्षभराने, एका सकाळी अकराच्या सुमारास भागीदार माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला. रुग्णालयातून फोन होता. आदल्या दिवशी दुपारी बार्शीटाकळीकडचा एक पेशंट, पायाच्या ऑपरेशनसाठी आलेला, वॉर्डात होता. त्याने नर्सला काही सांगितलं, तिने धीर दिला आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. थोड्या वेळाने त्याने पुन्हा सांगितलं, तिने पुन्हा धीर दिला. तासाभराने त्याला हृदयविकाराचा झटका आला. आता तो अतिदक्षता विभागात होता आणि वाचेल की नाही कोणी सांगत नव्हतं. नर्सची चौकशी लागली होती. तिने सांगितलं होतं की मला अ‍ॅपने असंच शिकवलं. उद्या दुपारी तुम्ही दोघं या, असा निरोप होता.

मी विचारलं, पेशंट काय म्हणाला होता.

"घाबरल्यावानी होऊन राहिलं म्हणाला," भागीदार म्हणाला. मग जरा थांबून, "मॅडम, आमच्या घरी घबराहट म्हन्तात ना, तेच ते."

मला कळलं. माझी आई म्हणायची की, घाबरं घाबरं होते, पाणी दे. तेव्हा ती कशाला भ्यालेली नसायची. तिचा जीव गुदमरलेला असायचा. हे मला माहीत होतं. माझ्याच घरातला शब्द, आणि यादी करताना तो मला आठवला नाही, कारण यादीत मी घरचं काही येऊच देत नव्हते. आणि भिंतीवरची ती नर्स तिथून माझ्याकडे बघून हसत होती. चौकशी तिचीच होती.

मी धडा उघडला. काम पाच मिनिटांत झालं. 'घाबरणे' या शब्दाखाली दुसरा अर्थ घातला, अस्वस्थ होणे, जीव गुदमरणे. इंजेक्शनचं चित्र काढलं. 'घाबरू नका' काढलं आणि तिथे लिहिलं, ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. 'हसून म्हणा' काढलं. बटण दाबलं. दुसऱ्या कुठल्या वॉर्डात दुसरी कोणी पोरगी हसत असेल, या भीतीने मी ते केलं. असंच मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण ते बटण दाबल्यावर माझ्या छातीवरचं ओझं जे हललं, ते केवळ त्या पोरीसाठी नव्हतं. सोमवारी पुण्याची गुंतवणूकदार मंडळी यायची होती, तीही नर्सांसाठीच्या याच धड्यांवर खूश होऊन.

त्या रात्री झोप नाही हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी पकडली. मूर्तिजापूर गेल्यावर भागीदार खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मॅडम, धडा तुमी बदलला ते बरं केलं. पन फोन नेटले जोडला की धडे आपोआप ताजे होतात. आता तिच्या फोनात जुनं पान नाई."

आपोआप ताजे होणारे धडे, ही आमची जाहिरात होती. मी म्हटलं, जुनं आपल्याकडे आहे ना. आहे, तो म्हणाला. मग विचारलं तर सांगू, मी म्हटलं. त्याने मान डोलावली नाही आणि हलवलीही नाही. लॅपटॉपची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसला.

खोलीत रुग्णालयाचे मोठे डॉक्टर होते, मेट्रन होत्या, पेशंटची सून होती आणि ती नर्स. फोटोतल्यापेक्षा लहान दिसत होती. मला पाहून तिने नमस्कार केला. भेटलो कधी नव्हतो, पण माझा आवाज तिने वर्षभर रोज ऐकला होता. मी पाणी मागितलं तेव्हा तिने चमकून पाहिलं, ओळखीचं माणूस भेटावं तसं. त्या नजरेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेशंट अजून जिवंत आहे, एवढं डॉक्टरांनी आधी सांगितलं. मग सून बोलली. रडत नव्हती, रागावलेली होती. "त्यायनं दोनदा सांगतलं सिस्टरले. दोन्ही टाइम हे हासली."

डॉक्टर नर्सला म्हणाले, दाखवा तुमचा धडा. तिने फोन काढला. अकरावा धडा कुठे आहे हे तिला शोधावं लागलं नाही. तिने पान उघडलं, डॉक्टरांसमोर धरणार तेवढ्यात स्वतः वाचलं आणि थांबली. मागचं पान, पुढचं पान. डॉक्टरांनी फोन हातात घेतला आणि मोठ्याने वाचलं. अस्वस्थ होणे, जीव गुदमरणे. ताबडतोब डॉक्टरांना बोलवा.

मेट्रन तिच्याकडे बघू लागल्या. सून तर आधीपासूनच बघत होती. डॉक्टर म्हणाले की इथे तर बरोबर लिहिलं आहे, यात अ‍ॅपचा काय दोष. ते माझ्याकडे वळून, तुम्हाला उगाच त्रास झाला, असंही म्हणाले.

मला कोणी काही विचारलं नव्हतं. विचारलं तर सांगू, असं ठरलं होतं. मी गप्प बसले. क्षणभर गप्प होते असं लिहिलं असतं, पण तेवढ्या वेळात डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, समोरच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि कागद मेट्रनकडे सरकवला. त्या दोन ओळींत त्या मुलीची नोकरी होती हे मला दिसत होतं. भागीदार माझ्याकडे बघत होता. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते.

तेव्हा ती नर्स बोलली. इंग्रजीत नाही, हिंदीत नाही. हळू, एकेक शब्द जुळवून बोलली.

"मीच नीट वाचलं नसेल."

हा माझा चौसष्टावा धडा. खात्री नसताना कसं बोलायचं. आला नसेल, ऐकलं नसेल, वाचलं नसेल. परभाषिकांना हे वळण महिनोन् महिने जमत नाही, आणि तिने ते अचूक वापरलं होतं. माझ्या धड्यावर तिचा इतका विश्वास, की पानाला खोटं म्हणण्याऐवजी तिने स्वतःच्या डोळ्यांनाच खोटं ठरवलं, आणि त्यासाठी लागणारी शुद्ध मराठीही मीच तिला शिकवलेली.

मी म्हटलं, "तिने नीट वाचलं होतं. मी काल धडा बदलला."

डॉक्टरांना आधी समजलंच नाही, मी पुन्हा सांगितलं. त्यांनी विचारलं, म्हणजे आधी काय होतं. भागीदाराने लॅपटॉप उघडून जुनं पान दाखवलं. इंजेक्शन, डोळे मिटलेला माणूस, हसून म्हणा. सून खुर्चीवरून उठून ते बघायला आली. तिला वाचता येत होतं, तिने शेवटचे दोन शब्द बोट ठेवून वाचले. मग ती नर्सकडे बघून परत जागेवर बसली.

डॉक्टर म्हणाले, इथे जन्मलेल्या माणसाकडून ही चूक कशी होते, तपासून घेतलं नाही का कोणाकडून. एका शब्दाचे दोन अर्थ असतात, वगैरे मी सांगणार होते. भागीदार म्हणाला, "सर, एक आवाज आहे. मॅडमले चालत असेल तर लावतो."

मला कसला आवाज ते माहीत नव्हतं. मी मान डोलावली. तो कधी काही पुसून टाकत नाही, रेकॉर्डिंगचे टाकाऊ तुकडेसुद्धा नाही. त्याने लावलं. आधी बंद कूलरची शांतता, रस्त्यावरून गेलेली मोटरसायकल. मग आपांचा आवाज.

"बाई, हे भेव हाये का घाबरं?"

आणि माझा आवाज, स्वच्छ, शुद्ध, प्रत्येक अक्षर सुटं. "तेच ते, आपा."

"तेच ते नाई, बाई. भेवाले भेव म्हन्तात. पेशंटले घाबरं झालं की आमी डॉक्टरले बलावत होतो."

"कागदावर आहे तसंच वाचा. गरम होतंय."

मग जरा वेळाने आपांनी कागदावर होतं तसं वाचलं.

नर्सला सगळं कळलं नसावं, वऱ्हाडी तिला आम्ही शिकवलंच नव्हतं. पण माझा आवाज तिने ओळखला होता आणि तो कसा बोलला ते तिला कळलं. तिने खाली मान घातली. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही, आईच्या 'तुले'चीही नाही.

तिची नोकरी राहिली. त्या दोन ओळींचा कागद डॉक्टरांनी आमच्यासमोर फाडला. पेशंट पंधरा दिवसांनी घरी गेला, काठी घेऊन, पण स्वतःच्या पायांनी. रुग्णालयाने आमचे धडे बंद केले. पुण्याची मंडळी सोमवारी आली नाहीत आणि नंतरही नाहीत, कारण त्यांना मीच आधी फोन करून सगळं सांगितलं. ऑफिसातली आठ माणसं आता पाच आहेत. उरलेली पाच टिकतील का, ही काळजी सकाळी चहाबरोबर सुरू होते. भागीदार मला काही बोलला नाही. आपांची मी माफी मागितली, तर त्या म्हणाल्या की गरमच होतं तेव्हा, जाऊ द्या. जाऊ देता येत नाही.

त्या मुलीची साखळी त्याच दिवशी तुटली. आम्हाला ऑफिसातून प्रत्येकाची मोजणी दिसते. मी रोज सकाळी बघायची, शून्य. पुन्हा बघायची, शून्य. फोटो काढून ठेवला. दोन महिन्यांनी राहवेना, तशी अकोल्याला जाऊन तिला भेटले, रुग्णालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर. वाटलं होतं मराठी सोडून दिली असेल. तर ती चहावाल्याला म्हणाली, "भाऊ, साखर कमी टाकजा." मी ऐकतच राहिले. असं आम्ही तिला शिकवलं नव्हतं.

मी विचारलं, कोण शिकवतं. आपा, ती म्हणाली. सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्याकडे जाते. भागीदाराने मला हे सांगितलं नव्हतं, आणि त्याने का सांगावं.

तिने पिशवीतून वही काढून माझ्यासमोर ठेवली. डाव्या बाजूला एक मराठी वाक्य, उजव्या बाजूला आपांनी सांगितलेलं, मध्ये तिच्या भाषेत खुणा. पहिल्या पानावर भेव आणि घाबरं. दुसऱ्या पानावर 'संडास लागली'. तिने त्यावर बोट ठेवलं. "मॅडम, तुमच्या धड्यात आहे, पेशंट असं म्हणाला तर संडासाचं दार दाखवा. पण त्याला जुलाब होत असतात. त्याला सलाईन लागते."

बोलण्यात राग नव्हता. मी शिकवणीत मुलांना समजावून सांगायची, तसं ती सांगत होती. मी पानं उलटत गेले. तिसरं, चौथं, दहावं. वही अर्ध्याच्या वर भरली होती.

मी विचारलं, "यातले माझे चुकलेले किती?"

तिने जरा विचार केला. मग म्हणाली, "डाव्या बाजूचे सगळे तुमचेच हायेत."